पंधरा रुपयांचे तिकीट आणि आजींची बाज

राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेने साठी ओलांडली आहे. तिची प्राथमिक फेरी मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर यांसारख्या केंद्रांवर होते आणि बहुतेक वर्षी तिचे दिवस दिवाळीनंतरच्या थंडीत येतात. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास एक नाटक, असे आठ-दहा दिवस, कधी त्याहून अधिक दिवस चालते. ही नाटके मी गेली पंधरा-सोळा वर्षे तिकीट काढून पाहत आलो आहे. आपण बिर्याणीच्या हॉटेलावर, कुलरच्या दुकानावर, दातांच्या डॉक्टरांवर सविस्तर अभिप्राय लिहितो, तारे देतो आणि रागावलो की काढूनही घेतो. पण आपल्याच गावातल्या माणसांनी दोन-दोन महिने तालीम करून उभ्या केलेल्या या संध्याकाळींविषयी स्थानिक वर्तमानपत्रातल्या चार ओळींपलीकडे कोणी काही लिहीत नाही. म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे, आणि तो ग्राहकाचा आहे. पैसे देऊन खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या पदरात काय पडले आणि काय पडले नाही, एवढाच त्यात हिशेब आहे.

नाट्यगृहाचे आणि संस्थांचे नाव मी देणार नाही. संस्थांना गुण देण्यासाठी परीक्षक बसलेले असतात, त्यांच्या कामात मला पडायचे नाही; आणि नाट्यगृहाच्या ज्या उणिवा पुढे येतील, त्या मी तीन-चार जिल्ह्यांच्या ठिकाणी थोड्याफार फरकाने सारख्याच पाहिल्या आहेत, तेव्हा एकालाच धारेवर धरण्यात अर्थ नाही.

पुढच्या रांगांचे तिकीट १५ रुपये आणि मागच्या रांगांचे १० रुपये, या दराने मी तिकिटे घेतली. नाट्यगृहाच्या फाटकासमोरच्या गाड्यावर एक चहा आणि एक प्लेट भजी घेतली, तर याहून जास्त पैसे मोजावे लागतात. मुंबई-पुण्याचे व्यावसायिक नाटक आमच्याकडे वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा येते आणि चौघांच्या कुटुंबाला दीड-दोन हजारांना पडते. त्या पैशांत ही अख्खी फेरी चौघांनी पाहिली तरी निम्म्याहून अधिक रक्कम खिशात उरते. मात्र या स्वस्ताईचा एक तोटाही आहे. वस्तू फार स्वस्त असली की लोक ती फुकटच समजू लागतात. यंदा माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी बाहेर नवी कोरी मोटार लावली होती, आणि खिडकीवरच्या मुलाला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पास आहेत का?" पास नाहीत म्हटल्यावर ते संस्थेतल्या कोणाला तरी फोन करत बाजूला गेले. थोड्या वेळाने आतून एक मुलगा धावत आला, चेहऱ्यावर अर्धी रंगभूषा, कमरेला धोतर. त्याने स्वतःच्या खिशातून तीस रुपये काढून दोन तिकिटे घेतली आणि त्यांच्या हातात ठेवली. दहा मिनिटांनी रंगमंचावर जायचे असलेल्या नटाने प्रेक्षकाचे तिकीट काढावे, हे मी पहिल्यांदाच पाहिले; पण संस्थेच्या लोकांना विचारले तेव्हा ते हसले. सभागृह रिकामे दिसू नये म्हणून तिकिटांचे गठ्ठेच्या गठ्ठे स्वतः विकत घेऊन वाटणे ही त्यांच्या खर्चाची एक नेहमीची बाब आहे.

तिकीट फाडून आत शिरल्यावर प्रथम भेटतात त्या खुर्च्या. बसायची फळी वर उचललेली राहील असा ज्यांचा मूळ बेत होता, त्या खुर्च्यांतल्या कित्येकांच्या स्प्रिंगा गेल्या आहेत, आणि उशिरा आलेला माणूस बसला की होणारा आवाज रंगमंचापर्यंत पोहोचतो. हवा खेळती ठेवण्यासाठी लावलेले पंखे नाटकापेक्षा मोठ्याने बोलतात, म्हणून तिसऱ्या घंटेला कोणी तरी ते बंद करतो आणि मग डास येतात. आवाजाची व्यवस्था म्हणजे रंगमंचाच्या वर टांगलेले मोजके माइक. नट माइकखाली आला की आवाज घुमतो, दोन पावले बाजूला सरकला की विझून जातो. सरावलेले नट त्यामुळे बोलायच्या वेळी बरोबर माइकखाली येऊन उभे राहतात. घरातली सगळी भांडणे रंगमंचाच्या दोनच जागी का होतात, असा प्रश्न नवख्या प्रेक्षकाला पडला, तर त्याचे उत्तर वर पाहिल्यावर मिळते. महिलांच्या प्रसाधनगृहाला कुलूप आणि किल्ली रखवालदाराकडे, ही तक्रार मी दरवर्षी लेखी देतो. यंदा मध्यंतरात किल्ली लवकर मिळाली, एवढी प्रगती नोंदवून ठेवतो. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकाला पाच पायऱ्या उचलूनच न्यावे लागते. नव्याने जाणाऱ्यांनी चौथ्या ते सातव्या रांगेत मधोमध बसावे आणि अंगावर शाल ठेवावी, इतका सल्ला या बाबतीत पुरेसा आहे.

आता नाटकाकडे येतो. यंदा मी आठ नाटके पाहिली. त्यांतले एक तालुक्याच्या गावाहून आलेल्या संस्थेचे होते आणि त्याच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही गावात घडू शकेल अशी होती. महामार्गात शेत गेले आहे, मावेजा, म्हणजे जमिनीची भरपाई, मंजूर झाला आहे, आणि तो दोन भावांच्या खात्यांवर सुखाने उतरावा म्हणून बहिणीची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. बहीण भाऊबिजेला माहेरी आलेली आहे. ओवाळणीच्या ताटाशेजारी तो कागद ठेवलेला आहे, आणि म्हातारे वडील ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, सुंभाच्या दोरीने विणलेल्या बाजेवर पडून सगळे ऐकत आहेत. दीड तासाच्या नाटकात याहून जास्त काही घडत नाही, आणि घडावे असे मला वाटलेही नाही. ज्या जिल्ह्यांतून समृद्धी महामार्ग गेला तिथल्या प्रेक्षकांना 'मावेजा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, आणि कोणत्या घरात कोणी सही केली आणि कोण माहेराला मुकली, हेही ज्याला-त्याला ठाऊक असते.

नेपथ्य साध्या कल्पनेचे, पण डोळस होते. बांबूच्या चौकटींवर पोती ताणून त्यांवर माती आणि शेण कालवून लिंपलेले होते, त्यामुळे पडदा उघडताच पहिल्या काही रांगांपर्यंत माळवदाच्या घराचा ओलसर वास आला. रंगवलेल्या कापडाने हे साधत नाही. भिंतीत एक देवळी, तिच्यात रॉकेलची चिमणी, खुंटीला पंचा, आणि मधोमध ती बाज.

माझ्या शेजारच्या खुर्चीत सत्तरीच्या पुढच्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. पडदा उघडल्याबरोबर त्या पुढे झुकून म्हणाल्या, "ती बाज माझी हाय." आजींना त्यांच्या घरच्या बाजेची आठवण झाली असावी, असे समजून मी मान डोलावली. पुढे काही वेळाने धाकट्या भावाचे काम करणारा मुलगा बोलता बोलता बाजेच्या अगदी टोकाला बसला, तेव्हा आजींना राहवले नाही. "कडंला बसू नको रे, सुंभ ढिला झालाय," असे त्या पुरेशा मोठ्या आवाजात बोलल्या. मुलाने ते ऐकले. वाक्य न तोडता, वडिलांच्या पायाशी माया दाखवावी अशा हालचालीने तो एक वीत आत सरकला आणि पुढे बोलत राहिला. ज्यांना मागचे ठाऊक नव्हते त्यांना ती दिग्दर्शकाने बसवलेली सुंदर हालचाल वाटली असेल. मला आजींच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा लागला.

नाटकाचा सगळ्यात मोठा क्षण मात्र चुकून घडला. थोरला भाऊ पुण्यात नोकरीला आहे, म्हणून त्याला 'शुद्ध' भाषा दिली होती. तो 'काय करतेयस', 'मी सांगतोय' असे बोलत होता, आणि नट चांगला असूनही पहिली वीस-पंचवीस मिनिटे त्याचे बोलणे पाठ केलेले वाटत होते. बहीण कागद बाजूला सारते त्या प्रसंगी त्याचा पारा चढतो. तिथे त्याने 'काय करतेयस तू?' असे विचारायचे होते. तोंडातून निघाले, "काय करायलीस गं तू?" सभागृहात एकदम शांतता पसरली. माझ्यामागे कुजबुजत असलेली कॉलेजची मुलेही थांबली. बहिणीचे काम करणाऱ्या बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि लिहिलेले उत्तर बाजूला ठेवून त्याच बोलीत सांगितले, "माहेर मोजायलेय." यानंतर दोघांपैकी कोणीही पुस्तकी भाषेकडे परत गेले नाही. पुण्याहून आलेला साहेब आमच्या डोळ्यांदेखत या घरातला मुलगा झाला, आणि आता तो बहिणीला काय करेल याची भीती वाटू लागली.

नाटक संपल्यावर मी दिग्दर्शकांना याविषयी विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले की हे तालमीत कधीच झाले नव्हते. उलट परीक्षक गुण कापतील या धास्तीने ते घाबरले होते. मला वाटते, त्यांनी उलट विचार करायला हवा. आमच्याकडच्या पुष्कळ संस्था अजूनही मराठवाड्याची बोली गडी, मोलकरीण आणि विनोदी सरपंच यांच्यापुरती राखून ठेवतात, आणि रडण्याचे, रागावण्याचे, प्रेमात पडण्याचे प्रसंग आले की पात्रे सदाशिव पेठेत राहायला जातात. आपण घरी ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत रंगमंचावर कोणी भांडले की खुर्चीतला माणूस ताठ बसतो, हे मी त्या रात्री सभागृहभर पाहिले.

या नाटकात एक संबळवादक होते. थोरल्या मुलाच्या लग्नानंतर घातलेल्या जागरण-गोंधळाची वडिलांना आठवण येते, तेवढ्या प्रसंगापुरते त्यांचे काम होते. उजव्या अंगाला बसल्यामुळे मला डावीकडची विंग थोडी दिसत होती. थंडीने कातडे सैल पडू नये म्हणून ते गृहस्थ प्रसंगाआधीची दहा मिनिटे संबळ विंगेतल्या दिव्यासमोर धरून बसले होते, अधूनमधून बोटाने टिचकी मारून कानाजवळ नेत होते. मग काठी पडली आणि तो आवाज छातीवर आदळला. आदल्या दिवशीच्या नाटकात असाच गोंधळ ध्वनिमुद्रित वाजवला होता, तेव्हा स्पीकरची खरखर तेवढी लक्षात राहिली होती.

नाटकाचा शेवट मात्र फसला. बहीण पेन उचलते, बराच वेळ कागदाकडे पाहते आणि पेनाला टोपण लावून ठेवून देते. त्या टोपणाचा 'टक' आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिथेच अंधार व्हायला हवा होता. त्याऐवजी वडील बाजेवर उठून बसले आणि त्यांनी माती, नाती आणि पैसा यांवर पाच मिनिटांचे भाषण केले. टाळ्या भाषणाला पडल्या हे खरे. तरी मला विचाराल तर ते भाषण काढून टाकावे आणि तो टोपणाचा आवाज ठेवावा.

बाकीच्या सात नाटकांविषयी थोडक्यात लिहितो. तीन नाटकांत वरून दोर खाली आला. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे या भागाचे खरे दुःख आहे आणि म्हणूनच ते सहज टाळ्या घेण्याचे साधन होऊ नये. तिसऱ्या दोराला सभागृहात कोणाचाही श्वास अडकला नाही, हे लेखक-दिग्दर्शकांनी मनावर घ्यावे. धुराच्या यंत्राचा सोस वाढला आहे. एका नाटकात स्वप्न, पूर आणि न्यायालय या तिन्ही ठिकाणी सारखाच धूर होता आणि पुढच्या रांगेतले एक परीक्षक रुमालात खोकत होते. पार्श्वसंगीत दूरचित्रवाणीच्या मालिकेसारखे प्रत्येक वाक्याला टेकू देत राहते. मुंबईच्या सदनिकेत घडणाऱ्या एका नाटकात फर्निचरच्या दुकानातून आणलेल्या सोफ्यावरचे प्लॅस्टिक तसेच होते. सोफा उद्या परत द्यायचा आहे हे आम्हा सगळ्यांना कळले, आणि नायिका त्यावर हताश होऊन कोसळली तेव्हा तो चुरचुरला. दोन नाटकांत सूचकाचा आवाज नटाच्या आधी माझ्यापर्यंत पोहोचत होता. एका बालकलाकाराने मात्र सूचक चुकीचे वाक्य देत असल्याचे ओळखून त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केले, त्या मुलीकडे लक्ष ठेवायला हवे.

एवढ्या उणिवा मोजूनही मी पुन्हा पुन्हा का जातो, असे घरचे विचारतात. एक कारण असे की या प्रांतात चांगले नाटक कुठून उगवेल याचा नेम नसतो. औरंगाबादेत ऐंशीच्या दशकात धडपडणाऱ्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेच्या तरुणांतून प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी पुढे आले, आणि १९९१ मध्ये त्यांचे 'चारचौघी' हे नाटक मराठी रंगभूमीवर आले. नांदेडच्या दत्ता भगतांनी 'वाटा-पळवाटा'मध्ये दलित चळवळीतल्या पिढ्यांचा आपसातला वाद रंगमंचावर मांडला. घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे गाव लोकांना समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून ठाऊक आहे; त्याच गावच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ मध्ये आले. त्यात काम करणाऱ्यांपैकी अनेक जण जालना जिल्ह्यातले, शेतीत राबणारे होते, आणि त्या नाटकाने पुण्या-मुंबईची सभागृहे भरवली. याच तांगड्यांनी त्याआधी विजेच्या तारेवर टाकल्या जाणाऱ्या आकड्यावर नाटक लिहिले होते. विषय गावच्या खांबावरचा, नटही गावचेच. संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांत नाट्यशिक्षण घेतलेली मुले आता तालुक्याच्या गावी परतून नाटके बसवतात, त्याचा फरक प्रकाशयोजनेत आणि हालचालींत गेल्या काही वर्षांत स्पष्ट दिसू लागला आहे. आणि पैठणच्या एकनाथांनी भारुडात विंचू चावलेला माणूस उभा केला, तेव्हा त्याला ना विंग होती ना माइक, हेही खुर्च्यांची तक्रार करताना मला आठवते.

दुसरे कारण पडद्यामागचे आहे. त्या संस्थेतले थोरले बंधू खरे तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, धाकटा औषधांच्या दुकानात बसतो, वडिलांचे काम करणारे एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले आहेत. तालमीसाठी त्यांना एका मंगल कार्यालयाचे दालन मिळाले होते, पण तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात आणि कार्यालयाच्या मालकाचा नाइलाज होतो. स्पर्धा जवळ येते नेमकी त्याच दिवसांत. उरलेल्या तालमी त्यांनी एका जिनिंगच्या बंद शेडमध्ये, दोन मोटारसायकलींच्या दिव्यांच्या उजेडात केल्या. बहिणीच्या भूमिकेसाठी बाई मिळायला महिना गेला. ज्या मिळाल्या त्या अंगणवाडीसेविका आहेत, आणि रात्री दहाला तालीम सुटल्यावर त्यांना घरी सोडायला दिग्दर्शक आणि त्यांच्या पत्नी दोघे मिळून जात, म्हणजे गावात चर्चेला जागा राहू नये. संहिता नवी असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्याचे कागद वेगळेच. शासनाकडून निर्मितीखर्चापोटी काही रक्कम मिळते, पण टेंपोचे भाडे, नेपथ्य, वेशभूषा आणि पंधरा माणसांचे जेवण धरले तर पदरमोड ठरलेली. अभिनयाचे रौप्यपदक मिळाले तर आनंद, नाही मिळाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा असतेच. अंतिम फेरीला निवड झाली नाही तर पुष्कळदा दोन महिन्यांच्या कष्टाचे हे नाटक त्या एका रात्रीपुरतेच उरते. ज्याने ते चुकवले त्याला ते पुन्हा कुठे पाहायला मिळत नाही.

हे सगळे ज्यांच्यासाठी चालते त्या आम्हा प्रेक्षकांचे परीक्षण कोणी करत नाही, म्हणून ते मीच करतो. आम्ही उशिरा येतो. सातचे नाटक म्हणजे साडेसात, हे आम्ही गृहीत धरतो आणि नाटक वेळेवर सुरू झाले तर रागावतो. आम्ही आपल्या नात्यातल्या नटापुरते येतो. त्याचे पात्र दुसऱ्या अंकात मरते तेव्हा अख्खी एक रांग उठून निघून गेलेली मी पाहिली आहे, आणि मेलेल्या पात्राला ते डोळ्यांच्या फटीतून दिसत असणार. आम्ही मोबाइलवर प्रयोगाचे चित्रीकरण करतो आणि त्या पडद्याचा उजेड मागच्या तिघांच्या डोळ्यांत घालतो. मीही साव नाही. काही वर्षांपूर्वी एका नाटकात आई अखेरच्या घटका मोजत असताना माझ्या खिशात सिनेमातले गाणे वाजले होते. रंगमंचावरच्या बाईंनी डोळे मिटल्यामिटल्याच थांबून मला ते बंद करायला वेळ दिला. तेव्हापासून मोबाइल मी घरीच ठेवून जातो.

एका गोष्टीचा दोष मात्र प्रेक्षकांना देता येत नाही. आसपासच्या गावांतून आलेले लोक पावणेनऊच्या सुमारास घड्याळे पाहू लागतात, कारण शेवटची एसटी चुकली तर रात्र स्थानकावर काढावी लागते. शेवटच्या प्रसंगाआधी दारे उघडू-मिटू लागतात ती बहुतांशी यामुळे. फेरीतली निदान शनिवार-रविवारची नाटके दुपारी चारला ठेवली, तर हे लोक शेवटपर्यंत बसतील आणि बायका-मुलेही अधिक येतील. ही सूचना मी दोनदा लेखी दिली आहे.

आमच्या वसाहतीतल्या आठ घरांनी तीन वर्षांपासून एक पद्धत पाडली आहे. फेरीचे वेळापत्रक लागले की प्रत्येक घराने निदान चार नाटकांची तिकिटे स्वतःच्या पैशांनी घ्यायची, त्यांतली दोन अशा संस्थांची की जिच्यात आपल्या ओळखीचे कोणीही नाही. वसाहतीच्या दत्तमंदिराचा सभामंडप आम्ही आता तालमींसाठी देतो, रात्री साडेनऊपर्यंत. पहिल्या आठवड्यात 'खून झाला, खून झाला' असे ओरडणे ऐकून समोरच्या घरातून पोलिसांना फोन गेला होता. आता त्याच घरातून तालमीला चहा येतो. वस्तू मागायला मुले आली तर जाते, कंदील, तांब्याचा हंडा असे जे असेल ते देतो, आणि ते परत येते. एकदा हंडा पोचा पडून आला, तर त्यांनी तो ठोकून, कल्हई करून आणून दिला.

त्या रात्री नाटक संपल्यावर मी रिवाजाप्रमाणे मागे गेलो. रंगभूषा पुसता पुसता थोरल्या भावाने विचारले, "काका, खरं सांगा, ते शब्द चुकले तेव्हा फार खटकलं का?" मी सांगितले की मला तेवढेच तिकिटाचे पैसे वसूल वाटले, बाकीचे वरकड. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही. सभागृह दहापर्यंत रिकामे करून द्यायचे होते, त्यामुळे बोलायला वेळ नव्हता. पोत्यांच्या भिंती पडत होत्या, देवळी वेगळी झाली होती, संबळवादक खांद्यावर शाल टाकून वाद्याला कापडात गुंडाळत होते. एका मुलाने मला बाजेची एक बाजू धरायला सांगितली. बाज रात्रीच परत पोहोचवायची होती. आजी तिच्यावरच झोपतात आणि नाटकाच्या तालमी रंगात आल्यापासून गेले चार दिवस त्या सतरंजीवर निजत होत्या. आम्ही बाज टेंपोत चढवली तेव्हा आजी आधीच पुढे चालकाशेजारी जाऊन बसल्या होत्या. खिडकीतून डोके बाहेर काढून त्यांनी, "पाय वर करून ठिवा, सुंभ घासल," असे बजावले, आणि आम्ही बाज उलटी केली.